लाइफ कोच तासभर करतो काय, आणि पैसे कशाचे घेतो?

सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्या क्लासच्या जिन्याशी, साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास कुठल्याशा दवाखान्याच्या बोर्डाखाली, आणि सगळ्यात जास्त मोबाइलवर ‘लाइफ कोच’ अशी पाटी आता दिसते. रील संपता संपता समोरचा विचारतो, ‘तुम्ही तुमच्या क्षमतेच्या किती टक्के जगताय?’ आणि खाली फ्री सेशनची लिंक असते. क्लास म्हणजे काय हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. डॉक्टर म्हणजे काय हे मिरजेच्या शेजारी राहणाऱ्याला तर मुळीच नाही. पण आयुष्याचा कोच म्हटलं की माणसं एकतर हसतात, नाहीतर रात्री अकरा वाजता पंधरा हजार भरून मोकळी होतात.

दोन्ही घाईचं आहे. हे काम खोटं नाही. त्याची एक रीत आहे आणि तिचा काही लोकांना चांगला उपयोग होतो. मात्र कुणाला, कशासाठी आणि किती दिवस, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बहुतेक लोक कोचकडे उत्तर विकत घ्यायला जातात, आणि चांगला कोच नेमकं तेच विकत नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

द्राक्षाचा सल्लागार आणि लाइफ कोच

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडच्या माणसाला सल्ल्याचे पैसे देणं नवीन नाही. द्राक्षबागायतदार सल्लागार लावतो. सल्लागार प्लॉटवर येतो, पान उलटं करून बघतो, पानाच्या देठाच्या तपासणीचा रिपोर्ट मागतो आणि शेड्यूल लिहून देतो. या दिवशी ही फवारणी, या दिवशी डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, एवढे घड ठेवा, बाकीचे काढा. त्याचे व्हिजिटप्रमाणे किंवा एकराप्रमाणे पैसे. व्यवहार स्वच्छ असतो. त्याच्याकडे जे ज्ञान आहे ते तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्ही ते विकत घेता.

आता त्याच बागायतदाराचा दुसरा प्रश्न घ्या. यंदा माल एक्सपोर्टला करायचा, लोकल मार्केटला द्यायचा, की सरळ बेदाणा? सल्लागार तिन्हींचं शेड्यूल देऊ शकतो. पण घरात माणूसबळ किती, सोसायटीचं कर्ज किती, मागच्या अवकाळीनं मन किती धास्तावलंय, मुलगा पुण्याहून परत येणार आहे की नाही, आणि मुळात आणखी दहा वर्षं बाग ठेवायचीय का, हे देठाच्या रिपोर्टात येत नाही. ते मालकालाच ठरवावं लागतं. गंमत अशी, की त्यातलं बरंचसं मालकाला माहीत असतं. नुसता सलग बसून त्याचा विचार झालेला नसतो.

कोचचं काम या जागेवर सुरू होतं. तो शेड्यूल देत नाही. प्रश्न विचारतो, तुम्ही बोललेलं तुम्हालाच परत ऐकवतो, काय करणार ते तुमच्याच तोंडून वदवून घेतो, आणि पुढच्या भेटीत विचारतो, ‘केलंत का?’ त्याला द्राक्षातलं काही कळत नसलं तरी चालतं. कधीकधी न कळणंच बरं, कारण कळणाऱ्याला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही.

या रीतीचं एक मूळ खेळात आहे. टिमथी गॉलवे हे अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक. १९७० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की ‘मनगट असं धर, पाय तिकडं टाक’ अशा सूचनांचा मारा केला की खेळाडू आखडतो. त्याऐवजी ते सांगायचे, चेंडूचा टप्पा पडला की तोंडानं ‘बाउन्स’ म्हण, रॅकेटला लागला की ‘हिट’ म्हण. एवढ्यानं लक्ष चेंडूवर जायचं आणि हात मोकळा व्हायचा. ही कल्पना पुढे ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या ऑफिसात नेण्यात सर जॉन व्हिटमोर यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ त्याआधी मोटारींच्या शर्यती जिंकायचे, १९६१ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा त्यांच्या नावावर आहे. कंपन्यांतल्या साहेबांसाठी वापरली जाणारी ही पद्धत घरगुती प्रश्नांकडे वळली, तेव्हा तिला ‘लाइफ कोचिंग’ म्हणायला लागले.

आधी फोन, मग कागद

बहुतेक कोच सुरुवातीला वीस-तीस मिनिटांचा कॉल फुकट देतात. दोघांनी एकमेकांना पारखायचं, यासाठी तो असतो. गिऱ्हाईक पटवायलाही तो वापरला जातो हे उघड आहे, पण म्हणून तो वाया घालवू नका. त्यात तुम्हीच चार गोष्टी विचारा. शिक्षण कुठं झालं? माझ्यासारख्या माणसांबरोबर आधी काम केलंय का? माझी अडचण तुमच्या कामात बसणारी नसेल तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नाला ‘तसं कधी होत नाही’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवलेला बरा.

आणखी एक विचारा, मराठीत बोललेलं चालेल का. कोच इंग्रजीत सफाईदार बोलतो म्हणून माणसं अडखळत इंग्रजीत बोलत राहतात. ऑफिसचं त्यात निभतं. ‘आबांनी मला कधी विचारलंच नाही’ हे इंग्रजीत सांगायला गेलं, की त्यातलं निम्मं वाटेतच गळतं.

काम सुरू करायचं ठरलं तर करार लेखी हवा. एखाद्या पानाचा असला तरी पुरतो. किती भेटी, किती मिनिटांच्या, फी किती, आयत्या वेळी भेट रद्द झाली तर पैसे जाणार की राहणार, मधेच थांबलो तर उरलेल्या भेटींचं काय. साधारण रिवाज असा, की आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाऊण ते एक तासाची भेट, आणि हे तीन ते सहा महिने चालतं. फी एका भेटीला काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत काहीही असू शकते. जास्त फी म्हणजे जास्त चांगला कोच, असं धरून चालू नये.

करारात गोपनीयतेची ओळ नक्की बघा. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय. कोचच्या गिऱ्हाइकासाठी असा वेगळा कायदा नाही, जे काही आहे ते करारात. आपल्याकडं तर हे जास्तच जपावं लागतं. सांगलीत कोणीही कोणाचा तरी पाहुणा निघतो. कोच बाई तुमच्या जावेची मैत्रीण असायची. म्हणून बरेच जण पुण्या-मुंबईचा कोच व्हिडिओवर पसंत करतात. मग दुसरी अडचण येते, बोलायचं कुठं बसून? घरात माणसं, दार लावलं तर ‘काय चाललंय’ म्हणून विचारणा. गाडी कडेला लावून, काचा वर करून तासभर बोलणारे आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त मोबाइलची रेंज आधी बघून ठेवा.

तासभर काय चालतं

समजा, कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर असलेला एक चाळिशीचा माणूस आहे. सावळजला वडिलांची दीड एकर बाग. वडील थकलेत. धाकटा भाऊ म्हणतो, ‘दादा, तू ये, नाहीतर बाग काढून टाकू.’ बायको सांगलीत शाळेत शिकवते. तो कोचसमोर बसून म्हणतो, ‘काय करावं तेच कळंना झालंय.’

कोच ‘नोकरी सोडा’ म्हणणार नाही, ‘सोडू नका’ असंही नाही. बोलणं साधारण असं जाईल.

‘आज तासाभरानं आपण उठू, तेव्हा काय हाताला लागलं तर बरं वाटेल?’

‘निर्णय व्हायला पाहिजे.’

‘आजच?’

‘आज कुठला होतोय. पण भावाला काय सांगायचं, ते तरी.’

‘म्हणजे भावाशी काय बोलायचं ते आज ठरवायचं. बरोबर?’

‘हां. तेवढं झालं तरी डोकं हलकं होईल.’

बघणाऱ्याला वाटेल, यात काय विशेष. पण ‘आयुष्याचं काय करू’ हा प्रश्न एका तासात मावत नव्हता, ‘रविवारी भावाला काय सांगू’ हा मावतो. पुढं.

‘सध्याची परिस्थिती सांगा. तुम्हाला वाटतं ते नको, पक्कं माहीत आहे तेवढंच.’

‘बाग तोट्यात आहे.’

‘किती?’

‘ते भाऊ बघतो. हिशेब मी बघितलेला नाही.’

‘बरं.’

त्या ‘बरं’ नंतर अनुभवी कोच गप्प बसतो. अर्धा मिनिट कोणीच बोलत नाही, आणि ते अर्धं मिनिट फार लांब वाटतं. मग तो माणूस स्वतःच म्हणतो, ‘म्हणजे हिशेब न बघताच मी महिनाभर झोप घालवलीय.’ हेच वाक्य कोचनं म्हटलं असतं तर तो भांडला असता.

नंतर पर्याय. ‘काय काय करता येईल?’ तो दोनच सांगतो, नोकरी सोडणं किंवा बाग काढणं. कोच विचारतो, ‘आणखी?’ परत, ‘आणखी?’ तिसऱ्या-चौथ्या खेपेला निघतं, की बाग दोन वर्षं वाट्यानं देता येईल, शेजारचा एकजण मागत होता. चांगला किंवा वाईट ते नंतर, पण हा पर्याय त्याच्या डोक्यात होता आणि बाहेर आला नव्हता. शेवटी, ‘यातलं तुम्ही काय करणार? कधी?’ उत्तर येतं, ‘रविवारी सावळजला जाऊन भावाबरोबर तीन वर्षांच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि औषधांची बिलं काढून बसणार.’

या चार टप्प्यांना, म्हणजे ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय यांना, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ग्रो’ पद्धत म्हणतात. ती १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झाली आणि वर आलेल्या व्हिटमोरांमुळे जगभर गेली. सगळे कोच हीच वापरतात असं नाही, पण बहुतेकांच्या बोलण्यात तिचा सांगाडा दिसतो. तुम्हाला तो ओळखता आला तर कोच काम करतोय की नुसत्या गप्पा मारतोय, हे कळायला सोपं जातं.

पहिल्या एक-दोन भेटींनंतर चिडचिड होणं साहजिक आहे. ‘पैसे देऊन मीच बोललो’ असं बऱ्याच जणांना वाटतं. तासाभरात तुम्ही जास्त बोललात आणि कोच कमी, तर ते ठीकच चाललंय. उलट कोच त्याचीच संघर्षकथा ऐकवत बसला, तर ते त्याचं भाषण आणि तुमचे पैसे.

दोन भेटींच्या मधला आठवडा

माझ्या मते कोचिंगचा खरा फायदा खुर्चीत बसून होत नाही, तो मधल्या दिवसांत होतो. तिथं कोचकडं एक साधं हत्यार असतं. ‘मी रोज चालायला जाणार’ असं तो लिहू देत नाही. तो म्हणतो, केव्हा, कुठं आणि काय आडवं आलं तर काय, ते सांगा. ‘सकाळी मुलीची स्कूलबस गेली, की मी घरात न जाता तसाच आमराईकडं वळणार. पाऊस असेल तर जिन्यावर वीस मिनिटं.’ याला जर-तर योजना म्हणता येईल. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, आणि नुसतं ठरवण्यापेक्षा असं बारकाईनं ठरवणाऱ्यांच्या हातून काम पुरं होण्याचं प्रमाण चांगलंच जास्त निघालं. हे करायला कोच लागतोच असं नाही. वही-पेनावर आजही करता येतं.

मग कोच कशाला? विचारणारा असतो म्हणून. बुधवारी कोणीतरी ‘हिशेब बघितला का?’ विचारणार आहे, हे माहीत असलं की रविवारी सावळजची एसटी पकडली जाते. नाही बघितला, तर चांगला कोच रागावत नाही. आडवं काय आलं ते विचारतो. तीन वेळा तेच काम राहिलं, तर तो बहुधा म्हणेल, ‘हे तुम्हाला खरंच करायचंय का, की कोणाला तरी दाखवायला?’ हा प्रश्न झोंबतो. कित्येकांचं एमपीएससीचं ध्येय या प्रश्नापाशी येऊन थांबतं, कारण ते मुळात वडिलांचं असतं.

‘हे तर माझा मित्रही करेल’

करेल, तर कोच लावू नका. जो तासभर मधे न बोलता ऐकेल, स्वतःचं उदाहरण देणार नाही, बाहेर बोलणार नाही आणि पुढच्या रविवारी आठवणीनं विचारेल, असा एक माणूस तुमच्याजवळ असेल तर तो कोणत्याही फीपेक्षा मोलाचा.

पण आपली माणसं बहुतेक वेळा त्या प्रश्नात स्वतःच गुंतलेली असतात. सुपरवायझरचं उदाहरण घ्या. बायकोला सांगितलं तर तिच्या बदलीचा प्रश्न, भावाला सांगितलं तर वाटणीचा, मेहुण्याला सांगितलं तर त्याचं आधीपासूनच मत आहे, आणि मित्रानं मागच्याच वर्षी नोकरी सोडलीय, त्याला सोबत हवीय. यात कोणी वाईट नाही. त्या निकालात कोचचं काही अडकलेलं नसतं, एवढाच त्याचा फायदा. अर्थात त्यानं पुढचं सहा महिन्यांचं पॅकेज विकायला घेतलं, की त्याचंही अडकतं. त्याकडं पुढं येतो.

‘याला पुरावा काय?’

थोडा आहे. २०१४ मध्ये अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी नोकरीच्या ठिकाणी दिलेल्या कोचिंगवरचे १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कामगिरी, मनाचं स्वास्थ्य, ताण पेलणं, कामाबद्दलची वृत्ती आणि ठरवलेलं तडीला नेणं, या सगळ्यांवर चांगला परिणाम दिसला. हे मी उडवून लावणार नाही.

पण ते बारकाईनं वाचा. हे अभ्यास कंपन्यांमधले होते. तिथं कोच निवडलेला, फी कंपनी भरते, आणि माणसाला नोकरी, पगार, विमा हे सगळं आहे. बऱ्याच ठिकाणी फायदा झाला की नाही हे त्या माणसालाच विचारलेलं. त्यावरून रीलवरच्या कोचची एकवीस दिवसांची हमी सिद्ध होत नाही. जो कोच ‘विज्ञानानं सिद्ध’ म्हणतो त्याला विचारा, कशावर आणि कुणावर. एक सरळ वाक्य मिळालं तरी पुष्कळ.

‘त्यांच्याकडं सर्टिफिकेट आहे की’

भारतात लाइफ कोच म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही. आज ठरवलं तर उद्या तुम्ही लावू शकता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजाराचं निदान आणि बोलण्यातून उपचार करायचं शिक्षण घेतलेली व्यक्ती, हिला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी करावी लागते. औषध देणारा सायकियाट्रिस्ट तर एमबीबीएस होऊन पुढं शिकलेला डॉक्टर. या दोघांना नोंदणी क्रमांक असतो, तो तपासता येतो. कोचला तसा सरकारी क्रमांक नाही.

खासगी संस्था मात्र आहेत. त्यातली सगळ्यात परिचित १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला, म्हणजे एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग. दुसऱ्या पीसीसीला १२५ आणि ५००. तिसऱ्या एमसीसीला २०० आणि २,५००. नाव टाकून त्यांच्या वेबसाइटवर पडताळता येतं. अशा कोचनं संस्थेचे नियम मोडले तर तिथं तक्रारही करता येते.

हे सर्टिफिकेट म्हणजे चांगल्या कोचची खात्री नाही, आणि ते नसलेले सगळेच भोंदू नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या बाई त्यांच्या चाळीस वर्षांच्या जोरावर उत्तम ऐकून घेतात. पण वीकेंडच्या दोन दिवसांत मिळालेलं चकचकीत फ्रेममधलं ‘मास्टर कोच’ आणि हे २,५०० तास एकाच मापानं मोजू नका.

कोचिंगच्या पाटीखाली पत्रिका, सही बघून स्वभाव, ‘ब्रह्मांडाला मागा म्हणजे मिळेल’ असंही विकलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी याबद्दल वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

‘कोचनं डिप्रेशन घालवलं असं ऐकलंय’

इथं मी ठाम आहे. कोचिंग हे धडधाकट मनाच्या माणसाला पुढचं पाऊल ठरवायला असतं. दोन-तीन आठवडे झोप उडालीय, खाण्यावरची वासना गेलीय, कशातच रस वाटत नाही, मरणाचे विचार येतात, अशा वेळी ‘तुमचं ध्येय काय?’ हा प्रश्न त्या माणसावर आणखी एक ओझं टाकतो. ध्येय गाठता आलं नाही की तो स्वतःलाच दोष देतो. अशा वेळी डॉक्टर. सांगलीच्या सिव्हिलमध्ये आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिचा खर्च कोचच्या एका भेटीच्या जवळपासही जात नाही. जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

दारू किंवा जुगार सुटत नसेल तर व्यसनमुक्तीवाले. साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे काम वर्षानुवर्षं करतंय. घरात मारहाण होत असेल तर ‘नात्यात तुम्ही काय बदलाल?’ असं विचारणारा कोच धोक्याचा. तिथं महिलांसाठीचा १८१ क्रमांक आणि वकील. सावकाराचं कर्ज अंगावर आलं असेल तर विचारांची दिशा बदलून व्याज थांबत नाही.

चांगला कोच हे सगळं स्वतः ओळखतो आणि ‘हे माझं काम नाही’ म्हणून पुढं पाठवतो. घरच्यांना हे कसं सांगायचं, हाही प्रश्न असतो. ‘डोक्याच्या डॉक्टरकडं’ म्हटलं की घर हादरतं, ‘कोच’ म्हटलं की हादरत नाही, म्हणून आजारी माणसं कोचकडं वळतात. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना ठेवून घेणाऱ्या कोचला देतो.

हॉलमधला कार्यक्रम

एकास एक भेटीपेक्षा आपल्याकडं जास्त दिसतो तो हॉटेलच्या हॉलमधला किंवा झूमवरचा ‘फ्री वर्कशॉप’. तीन तास संगीत, टाळ्या, डोळे मिटून आई-वडिलांना आठवणं, रडणं. शेवटच्या अर्ध्या तासात कोर्स. आज भरलं तर निम्मी फी, उद्या पूर्ण. रडून झाल्यावर सही मागतात, यातच काय ते आलं.

तिथं एक खास युक्ती चालते, ती ओळखून ठेवा. तुम्ही म्हणता, ‘एवढे पैसे नाहीत, घरी विचारतो.’ उत्तर येतं, ‘हाच तुमचा ब्लॉक आहे. तुम्ही स्वतःवर खर्च करायला घाबरता, म्हणून पैसा येत नाही.’ म्हणजे खिशात पैसे नसणं हाच रोग, आणि पैसे भरणं हाच उपाय. बायकोला विचारून खर्च करणारा माणूस घाबरट नसतो, संसारी असतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर सही करण्याआधी विचारा, कर्ज नक्की कोण देतंय. पैसे बहुतेक वेळा कर्ज देणारी वेगळी कंपनी कोचला एकरकमी देऊन टाकते. दोन महिन्यांनी तुम्ही कोर्स सोडला तरी हप्ता त्या कंपनीचा असतो, आणि तो चालूच राहतो.

मधेच थांबायचं असेल तर

तीन भेटी झाल्या की एक हिशेब स्वतःशी करा. सुरुवातीला लिहिलेलं ध्येय काढा. त्या दिशेनं तुम्ही स्वतः केलेल्या दोन ठोस गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. ‘छान वाटतं’ ही गोष्ट त्यात धरू नका. सांगता येत नसतील तर ते कोचलाच स्पष्ट सांगा. चांगला कोच पद्धत बदलेल किंवा थांबूया म्हणेल. जो तुमच्या ‘बांधिलकी’वर घसरेल, त्याला सोडायला कारण द्यायची गरज नाही. एक मेसेज पुरे: ‘मला पुढच्या भेटी नकोत, करारानुसार उरलेली रक्कम परत करावी.’ फोनवर सांगू नका, लेखी सांगा.

रक्कम परत येत नसेल, किंवा जाहिरातीत कबूल केलेलं काहीच दिलं नसेल, तर ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तिला लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, काही प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कोच बंगळुरूचा असला तरी तिकडं जावं लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीत किंवा साताऱ्यात, तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. अर्जाला पैसे भरल्याची पावती, करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तारखेनिशी जोडा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या दिवशीच काढून ठेवा, कारण वाद सुरू झाला की ती पोस्ट दिसेनाशी होते.